टेबलावरचा वेग

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातल्या किल्ल्याखालून जपानी आगगाडी धावली. किल्ला दरवर्षीसारखाच होता. विटा, गोणपाट, लाल माती, उतारावर पेरलेली मोहरी आणि महादरवाजाहून दुप्पट उंचीचे मावळे. फरक एवढाच की, या खेपेस पायथ्याशी रूळ टाकले होते. आमचे चिरंजीव काही वर्षे नागोयाला नोकरीस होते. परत येताना त्यांनी आपल्या मुलासाठी शिन्कान्सेनची, म्हणजे आपण जिला बुलेट ट्रेन म्हणतो तिची, चार डब्यांची प्रतिकृती आणली होती. असली नाजूक वस्तू मातीत मांडायची नसते हे आम्हाला मागाहून कळले. नातू नऊ वर्षांचा. त्याने कळ शेवटपर्यंत फिरवली, पांढरीशुभ्र गाडी दोन फेऱ्या सुसाट धावली आणि तिसरीला वळणावर रूळ सोडून थेट खंदकात गेली. खंदकात त्याने नुकतेच पाणी भरले होते.

गाडी पुसून वाळत ठेवली, रडे आवरले, आणि मग प्रश्न आला, ‘आजोबा, खरी गाडी का पडत नाही?’

मी तेव्हा जे उत्तर दिले ते शाळामास्तरी थाटाचे होते. पण प्रश्न मनातून जाईना. फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकांना खेळण्यांवरची समीक्षा वाचायला लावणे हा थोडा अगोचरपणा आहे, हे मी जाणतो. तरीही खरी वेगवान गाडी आणि तिची टेबलावरची नक्कल या दोन कृती शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत असे मला वाटते, आणि त्याचे कारण घरगुती आहे.

आमचे अण्णा रेल्वेत पर्मनंट वे इन्स्पेक्टर होते. ‘पी. डब्ल्यू. आय. साहेब’ म्हणून कर्जतला त्यांना सगळे ओळखत. बोर घाटाच्या पायथ्याचा रूळ म्हणजे त्यांचा संसार. आमचा नंबर त्यानंतर. सकाळी ट्रॉलीवरून जायचे. ट्रॉलीमन रुळावर अनवाणी धावत ती ढकलीत. मध्येच उतरून अण्णा खडीत बूट रोवून उभे राहत, स्लीपरवर हातोडी मारून कान देत. आम्ही भावंडे डेक्कन क्वीन आली की हात हलवीत असू. इंजिनाला, ड्रायव्हरला, खिडकीतल्या अनोळखी माणसांना. अण्णा तेव्हा खाली पाहत असायचे. चाकाखाली रूळ किती दबतो ते. ‘इंजिन काय, कुणीही बघतो,’ असे ते म्हणत. त्यांनी आम्हाला कधी इंजिन दाखवायला नेले नाही, याचा लहानपणी मला राग होता. पुढील मजकुरात मी कुठे पक्षपात केला आहे असे वाटले, तर तो येथून आला आहे हे आधीच सांगून टाकतो.

कोणतीही प्रतिकृती ही मुळातली एक टीका असते. काय ठेवायचे, काय टाकायचे, याचा निवाडा तिला करावाच लागतो. आमच्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजाहून उंच असतो, कारण मुलाच्या लेखी दरवाजापेक्षा मावळा मोठा आहे. हा निवाडा उघड आहे, आणि त्यात फसवणूक नाही. जपानी मुलांचे ‘प्लारेल’ हे खेळणे याच जातीचे. टोमी या कारखान्याने १९५९ साली ते काढले. निळ्या प्लॅस्टिकचे रूळ, हाताने ढकलायची गाडी. विजेची मोटर दोन वर्षांनी आली. त्या रुळांचे वर्तुळ किती मोठे असावे हे कोणी ठरवले? जपानी घरात जेवायला बसायचे बुटके गोल टेबल असे, त्यावर मावेल एवढे ते ठेवले. आजचे रूळ त्या वेळच्या रुळांना जोडता येतात. म्हणजे तीन पिढ्यांच्या आगगाड्यांचे वळण एका जेवणाच्या टेबलाने ठरवले आहे. शिन्कान्सेन १९६४ साली सुरू झाली, तेव्हा तीही लगोलग त्या निळ्या रुळांवर आली. चार-दोन डबे, ढबकी, गोलमटोल. ती पाहून कोणाची समजूत चुकत नाही, आणि मला ती मनापासून आवडते.

खरा वाद आहे तो मोठ्यांच्या छंदाशी. हे लोक प्रमाणाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. आमच्या घरी आली ती गाडी मुळाच्या १६० पट लहान होती. एक डबा साडेपंधरा सेंटिमीटरांचा. त्यावर खिडक्या, दरवाजे, छपरावरचे विजेचे दांडे, आसनक्रमांकाची इवली अक्षरे, सगळे जिथल्या तिथे. भिंग लावून चूक काढावी म्हटले तरी सापडू नये. एवढी निष्ठा ठेवून हे कारागीर एका गोष्टीत मात्र गप्प राहून हातचलाखी करतात. गाडी १६० पट लहान करतात, आणि वाट कितीतरी अधिक पट.

हिशेब करून पाहावा. टोकियो-ओसाका मार्गावर मुख्य वाटेचे वळण सामान्यतः २,५०० मीटर त्रिज्येहून तीव्र ठेवायचे नाही असे ठरवून ती वाट बांधली. पुढच्या सान्यो मार्गावर हाच आकडा ४,००० मीटर झाला. २,५०० मीटरांना १६० ने भागले तर साडेपंधरा मीटर उरतात. म्हणजे प्रामाणिक राहायचे तर वर्तुळाचा व्यास ३१ मीटर हवा. लग्नाचा मोठा मांडवसुद्धा अपुरा पडेल. टेबलावर प्रत्यक्षात वळण असते तीस-चाळीस सेंटिमीटर त्रिज्येचे, म्हणजे मूळ मापात पन्नास-साठ मीटरांचे. एवढ्या वळणावर शहरातली ट्राम जाते. टोकियो ते ओसाका हे ५१५ किलोमीटरांचे अंतर १६० पट लहान केले तरी सव्वातीन किलोमीटर भरते. डेक्कन जिमखान्यावरून निघून कोथरूडच्या वाटेला लागावे एवढे. आणि फुजी पर्वत? ३,७७६ मीटरांचा तो डोंगर टेबलाशेजारी उभा करायचा तर साडेतेवीस मीटर उंच होईल, सात-आठ मजली इमारतीएवढा. म्हणून तो बिचारा नेहमी मागच्या पडद्यावर रंगवलेला असतो.

यावर छंदवाले म्हणतील, घरात जागा नाही त्याला आम्ही काय करणार? खरेच आहे. मीही त्यांना मांडव घाला म्हणत नाही. पण नेरळ-माथेरानची गाडी टेबलावर घेतली तर एवढी कुचंबणा होत नाही. ती मुळातच डोंगराला बिलगून, वळसे घेत, श्वास टाकीत चढते. तिची वाट आणि टेबल यांचे जमते. काटो या प्रसिद्ध जपानी कारखान्याने १९६५ साली ९ मिलिमीटर रुळांवरची आपली पहिली गाडी काढली. आदल्याच वर्षी शिन्कान्सेनचा सगळ्या जगात गाजावाजा झाला होता, तरी काटोने निवडले ते वाफेचे इंजिन. त्यामागे त्यांची व्यापारी गणिते काय असतील ती असोत. कलेच्या दृष्टीने ती निवड मला फार शहाणपणाची वाटते. संथ गाडी लहान केली तर तिचे काही फारसे जात नाही. वेगवान गाडी लहान केली की ज्यामुळे ती वेगवान आहे तेच आधी गळून पडते. उरते ती तिची चोच.

चोचीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण विक्री सगळी चोचीवर चालते. १९९७ साली आलेली ५०० श्रेणीची शिन्कान्सेन ही छंदवाल्यांची लाडकी. तिचे नाक सुमारे १५ मीटर लांब, पुढच्या डब्याच्या निम्म्याहून जास्त. नाकात्सु एइजी नावाचे इंजिनियर पक्षिनिरीक्षक होते. गाडी बोगद्यात जोराने शिरली की पुढची हवा दाबली जाऊन दुसऱ्या तोंडाला तोफेसारखा आवाज होई, आणि आसपासची माणसे हैराण होत. हवेतून पाण्यात अलगद शिरणाऱ्या खंड्याच्या चोचीवरून नाकात्सुंना तोड सुचली. तेव्हा ते नाक म्हणजे बोगद्याला दिलेले उत्तर आहे. टेबलावर बोगदा पुठ्ठ्याचा असतो, दाबायला हवा नसते, आवाज होत नाही. तिथे ते साडेनऊ सेंटिमीटरांचे नाक म्हणजे प्रश्नाशिवाय दिलेले उत्तर. सुंदर आहे, यात शंका नाही. पण नथ सुंदर असते तसे सुंदर. खुद्द त्या गाडीला तिच्या सौंदर्याचा थोडा भुर्दंडच पडला. गोलसर अंगामुळे आतली जागा आकसली, आणि २०१० साली तिला सर्वांत वेगवान सेवेतून काढून सावकाश गाड्यांच्या कामाला लावले. टेबलावर मात्र ती अजून राणी आहे.

वेगाची गोष्ट तर याहून गमतीची. नागोयाला मुलाकडे गेलो असताना मी एक दिवस ओदावारा स्थानकावर गेलो. तिथे सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाड्या थांबत नाहीत. मधल्या रुळांवरून निघून जातात. फलाटावर उभा राहून मी घड्याळ हातात धरले. आधी वारा आला, मग एक पांढरा पट्टा, आणि सगळे शांत. पाच-सव्वापाच सेकंद. सोळा डब्यांची ४०० मीटर लांब गाडी ताशी २८५ किलोमीटर वेगाने गेली तर तेवढाच वेळ लागतो. आता हे सगळे १६० पट लहान करा. गाडी अडीच मीटरांची होते, वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे ताशी पावणेदोन किलोमीटर! देवळातून परतणारी आजीबाई याहून लवकर घरी पोहोचेल.

घरी आल्यावर मी ओटीवर सरळ रूळ मांडले, खडूने अडीच मीटरांवर दोन रेघा मारल्या आणि नातवाला सांगितले की एका रेघेपासून दुसरीपर्यंत पाच सेकंद लागले पाहिजेत. त्याने कळ कमी करीत करीत तो वेग साधला. गाडी सरपटू लागली. ‘आजोबा, ही तर गोगलगाय आहे,’ तो म्हणाला. आणि हाच तर खरा वेग! गणिताने सिद्ध झालेला, पण डोळ्यांना अमान्य. म्हणून छंदवाले कळ आणखी फिरवतात. दुप्पट, तिप्पट वेगाने गाडी नेतात, आणि मगच पाहणारे ‘वा!’ म्हणतात. वेग म्हणजे काय हे आपल्या डोळ्यांना ठाऊकच नसते. त्यांना फक्त घाई ओळखता येते. ओदावाराच्या फलाटावर त्या पाच सेकंदांत घाई अशी कुठे दिसली नव्हती. डबा हलत नव्हता, खडखड नव्हती. काही तरी अतिशय जड वस्तू आपल्या ठरलेल्या रेषेवरून सरकली, एवढेच. हा जडपणा, हा ठामपणा, प्रतिकृतीत येत नाही. तिथे गाडी हलकी असते आणि तिच्या हलकेपणाचे नाचरेपण वेग म्हणून खपते.

रुळांच्या रुंदीत तर प्रतिकृती इतिहासच पुसून टाकते. जपानची जुनी रेल्वे १,०६७ मिलिमीटर रुंदीची, आपल्या मीटरगेजहून किंचित मोठी. १९५५ साली सोगो शिन्जी हे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी हट्ट धरला की नवी वाट १,४३५ मिलिमीटरची, सर्वस्वी वेगळी असेल. जुन्या रुळांशेजारी आणखी दोन रूळ टाका म्हणणारे पुष्कळ होते. त्यात पैसा कमी लागला असता आणि गाड्या कुठेही फिरवता आल्या असत्या. सोगोंनी आपल्या मदतीला शिमा हिदेओ या इंजिनियरला बोलावले. वाटेत एकही फाटक ठेवायचे नाही, तिच्यावर दुसरी कसलीही गाडी येऊ द्यायची नाही, आणि दोनशेच्या वेगाने जाताना रुळांकाठचे सिग्नल माणसाला वाचता येत नाहीत म्हणून सिग्नल ड्रायव्हरच्या पुढ्यात आणायचा, असा हा संसार उभा राहिला. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला, ओरड झाली, आणि १९६३ साली दोघांनीही जागा सोडल्या. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला पहिली गाडी सुटली तेव्हा रेल्वे दुसऱ्यांच्या हाती होती. टोकियो स्थानकात एका फलाटाच्या टोकाला सोगोंची उठावाची प्रतिमा बसवली आहे. लोक तिच्यासमोरून डबे ओढत गाडी गाठायला धावतात.

आता टेबलावर काय होते पाहा. जुन्या अरुंद रुळांवरच्या गाड्या १५० पट लहान करतात, शिन्कान्सेन १६० पट. आणि दोन्ही एकाच ९ मिलिमीटरांच्या रुळांवर चालवतात. ९ ला १६० ने गुणले तर १,४४० येतात, म्हणजे शिन्कान्सेनचे माप चोख जमले. १५० ने गुणले तर १,३५०. जुनी गाडी फुकटात रुंद झाली. सोयीसाठी केलेली ही तडजोड. पण ज्या एका गोष्टीसाठी दोन माणसांनी आपली कारकीर्द पणाला लावली, ती गोष्ट म्हणजे या दोन गाड्यांनी एका रुळावर येऊ नये. टेबलावर त्या मुकाट्याने एकीमागून एक धावतात, आणि ज्याने डब्यावरची इवली अक्षरेही चुकू दिली नाहीत त्याला हे खटकत नाही.

याच इंजिनियरांनीही एक ‘मॉडेल’ केले होते. ही हकीकत मला ओदावाराला जायच्या आधी वाचायला मिळाली; किंबहुना मी तिकडे गेलो तो त्यासाठीच. ओदावाराशेजारच्या कामोनोमियापासून त्यांनी सुमारे ३२ किलोमीटर नवा मार्ग इतर कामाच्या आधी बांधून घेतला. पूल, बोगदे, वळणे, सगळे खऱ्या मापाचे. त्याचे नावच होते ‘मॉडेल मार्ग’. १९६२ साली त्यावर चाचणीच्या दोन गाड्या धावू लागल्या, एक दोन डब्यांची आणि एक चार डब्यांची. ३० मार्च १९६३ रोजी त्यांतल्या एकीने ताशी २५६ किलोमीटर गाठले. गाडी छोटी, दोन-चार डब्यांची. वाट मात्र पुरी. घरातल्या छंदाच्या नेमके उलट! चाचण्या संपल्यावर तो तुकडा तसाच मुख्य मार्गात मिळून गेला. आजही नोझोमी त्या नमुन्यावरून धावते, आणि आतल्या उतारूला त्याचा पत्ता नसतो.

आणखी एक तपशील मला अण्णांना सांगता आला असता तर फार बरे झाले असते. १९६४ साली गाडीला ताशी २१० चा वेग देता येत होता, तरी पहिले वर्षभर ‘हिकारी’ला ओसाकेस पोहोचायला चार तास लागत. १९६५ च्या नोव्हेंबरात ते तीन तास दहा मिनिटांवर आले. मधल्या काळात गाडी बदलली नव्हती. नव्याने टाकलेले भराव खाली बसायचे होते, ते बसले. मातीला तिचा वेळ लागला. घाटात पावसाळ्यानंतर एखाद्या तुकड्यावर वेगाची मर्यादा लावली की वरून तारा येत, केव्हा उठवता म्हणून. अण्णा त्या तारा टेबलाच्या खणात ठेवीत आणि सकाळी पुन्हा ट्रॉली काढीत.

एवढे सगळे प्रतिकृतीच्या विरुद्ध लिहून झाले. आता तिची बाजूही घ्यायला हवी, कारण खऱ्या गाडीत बसून आल्यावर मी तितकासा खूश नव्हतो. टोकियोहून निघताना उजव्या हाताची खिडकी मागून घेतली होती. पाऊण तासाने फुजी दिसला, निरभ्र, अगदी कॅलेंडरसारखा. मी सौभाग्यवतींना हाक मारली. त्यांनी चष्मा शोधला. आणि तोवर भिंत आली. समोरून दुसरी नोझोमी आली ती अडीच सेकंदांत संपली. एवढी मोठी गाडी, एवढे तिचे रूप, आणि तिच्यात बसलेल्याला तिची एक झलकही मिळत नाही. फलाटावर चढताना दिसते ती एका डब्याची पाठ. सान्यो मार्गावर तर निम्म्याच्या आसपास वाट बोगद्यांतून आहे. खिडकीत स्वतःचाच चेहरा पाहत बसायचे. मधली गावे, शेते, नद्या यांच्याशी या गाडीची काही ओळखदेख नाही. लोक झोपतात, डबा उघडून जेवतात, काम करतात. बरोबरच आहे त्यांचे. वेगवान गाडीने प्रवासातून नेमका प्रवास काढून घेतला आहे, आणि त्याबद्दल तिकीटही जास्त लावले आहे.

प्रतिकृती हे काढून घेतलेले परत देते. संपूर्ण गाडी एका नजरेत देते. ती पुलावर आहे, मागचा डबा अजून बोगद्यात आहे, खाली नदी आहे, नदीकाठी कपडे वाळत घातले आहेत, हे सगळे एकाच वेळी पाहण्याची चैन खऱ्या उतारूला कधी लाभत नाही. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे; १९९८ साली ते लोकांसाठी उघडले. नातवाला घेऊन मी तिथे दोनदा जाऊन आलो. वाफेच्या इंजिनापासून वेगवान विजेच्या गाडीपर्यंत सर्व प्रकार तिथल्या छोट्या शहरातून हिंडतात, मध्येच रात्र होते आणि घराघरांत दिवे लागतात. माझ्या लक्षात आले की मुले वेगवान गाडी आली की ओरडतात, पण पाहत राहतात ती संथ गाडीकडे. माझीही तीच गत होती. वेगवान गाडी तिथे पाहुण्यासारखी वाटली. संथ गाडी त्या गावची होती.

पण मला खरोखर जिंकले ते नागोयाच्या रेल्वे संग्रहालयातल्या मोठ्या देखाव्याने. हे संग्रहालय २०११ साली उघडले. टोकियोपासून ओसाकेपर्यंतची गावे आणि स्थानके तिथे एका भल्या मोठ्या मांडणीत बसवली आहेत. वळणांची लबाडी तिथेही आहेच. गाड्या धावल्या, दिवस मावळला, शेवटची गाडी गेली. मुले उठून जाऊ लागली. मला वाटले खेळ संपला. तेवढ्यात अंधारात एका ठिकाणी प्रकाश पडला, आणि रुळांवर माणसे दिसली. बोटाच्या पेराहूनही लहान. रात्रीच्या देखभालीची टोळी.

खऱ्या मार्गावर मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत एकही प्रवासी गाडी धावत नाही. त्या सहा तासांत खडी ठोकून बसवायची, झिजलेले रूळ बदलायचे, तारा तपासायच्या. आणि पहिली गाडी सुटण्याआधी एक तपासणीची गाडी सगळी वाट पाहून जाते, कोणाची पक्कड किंवा पहार मागे राहिली नाही ना म्हणून. १९६४ पासून आजतागायत त्या देशातल्या शिन्कान्सेनवर गाडी घसरून किंवा आदळून एकाही उतारूचा जीव गेलेला नाही. २००४ च्या भूकंपात एक गाडी रुळांवरून उतरली, तिच्यातलेही सगळे वाचले. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिव्याखाली उभे असलेले दिसले. देखावा मांडणाऱ्यांनी वाट लहान करताना वाटेची माणसे मात्र टाकली नव्हती. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘चला, संपले.’ मी म्हटले, थांब जरा.

आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद मार्गाची कोनशिला १४ सप्टेंबर २०१७ रोजी बसली. ५०८ किलोमीटरांची वाट, बहुतेक खांबांवरून. ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटर बोगद्यातून. जपानने अरुंद रुळांतून सुटण्यासाठी १,४३५ चा रूळ घेतला. आपला नेहमीचा रूळ १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे त्याहून रुंद, आणि तरीही या वाटेसाठी आपण तोच १,४३५ चा घेतला आहे. पालघरच्या बाजूला गेलो की शेतांवरून जाणारे खांब दिसतात. पण वर्तमानपत्रांतून, फलकांवरून, शाळेतल्या चित्रकलेच्या स्पर्धेत सगळीकडे चित्र येते ते चोचीचे. रांगोळीतसुद्धा गेल्या वर्षी मी ती पाहिली, आणि फारच सुबक होती. खांबाचे किंवा रुळाचे चित्र कोणी काढलेले मला आठवत नाही. काढले असते तर बक्षीस मिळाले नसते. उद्या ती गाडी सुरू होईल तेव्हा तिच्यासाठी रात्री जागणारी माणसे आपण किती ठेवू, त्यांना सहा तास देऊ की चार, आणि भराव बसेपर्यंत चार तासांची गाडी सोसू की नाही, हे प्रश्न चोचीकडे पाहून सुचणारे नाहीत. मी पी. डब्ल्यू. आय.चा मुलगा असल्यामुळे मला ते छळतात, एवढेच.

नागोयाहून निघताना मी एका दुकानातून छोट्या माणसांची एक डबी घेतली होती. पिवळी टोपी, हातात फावडे, उंची सेंटिमीटरभर. आणखी चार डबे घ्यावेत असे चिरंजीवांचे मत होते.

गाडी खंदकातून काढून वाळवली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी फळी टाकून रूळ नव्याने मांडले. वळण अंगणाला परवडेल तेवढे मोठे केले. रात्री जेवणानंतर ती माणसे रुळांवर उभी केली आणि शेजारी एक पणती ठेवली. वरच्या मावळ्यांपुढे ती अगदीच चिमुकली दिसत होती. गाडी घरात, खोक्यात. भाऊबीजेच्या सकाळी आंघोळ करून नातू माझ्या आधी अंगणात गेला होता. गाडी त्याने आणली नव्हती. उकिडवा बसून तो रुळांवरून बोट फिरवीत पुढे पुढे सरकत होता. अर्ध्या वाटेवर थांबला, चिमटीत काही तरी उचलले आणि मला हाक मारून दाखवले. मोहरीचा दाणा होता.